पेटी, पोट आणि बटणं

त्या रविवारी दोघे भाऊ एकमेकांशी बोलले. मध्ये माणूस नव्हता, निरोप नव्हता. एकाने तोंड उघडलं आणि ते थेट दुसऱ्याच्या कानात गेलं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण यापुढे घरातलं कोणीही ते कबूल करणार नाही.

तर असं काही झालं नाही. रविवार होता, आत्याचं टेलरिंगचं दुकान बंद होतं, शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं, आणि कापड बेतायच्या लांब टेबलावर आत्या खडूने रेघ मारत होती.

"खिडकीकडची बाजू दादाची," ती म्हणाली, "मशिनींकडची धाकट्याची. ज्याचा हात रेघ ओलांडेल त्याने लक्षात ठेवावं की ही कात्री सुटाचं कापड एका दमात कापते."

"आणि बारकी कुठे उभी राहणार?" ट्रायल रूमच्या पडद्याजवळच्या बाकावरून बारकीच्या आईने विचारलं.

"रेघेवर. नेहमीसारखी."

बारकी रेघेवर उभी राहिली. एका बाजूला तिचे वडील, ज्यांना आत्या आणि काका दादा म्हणत. हे सुतार. दुसऱ्या बाजूला काका. हे वायरमन. दोघांमध्ये टेबलाची रुंदी होती आणि बारा वर्षं होती. या बारा वर्षांत ते एकमेकांना एकही वाईट शब्द बोलले नव्हते, कारण कुठलाच बोलले नव्हते.

त्यासाठी घरात एक नियम तयार झाला होता. एक भाऊ बोलला, दुसऱ्याने ते स्पष्ट ऐकलं, तरी ते ऐकलं असं धरायचं नाही. बारकीने सांगितलं की मग ते बोललं गेलं. निरोप पोचला तोच खरा, बाकी सगळा आवाज. बारकी दुसरीत असल्यापासून हे काम करत होती, आणि आता एकोणीस वर्षांची झाली तरी बढती नव्हती. तिला गिटारची आवड कुठून लागली असं लोक विचारत. दोन टोकांना ताणून बांधलेल्या तारेबद्दल तिला लहानपणापासूनच आपुलकी होती.

भांडणाचं कारण दादांनी बगलेत धरून आणलं होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. अर्धं कारण. उरलेलं अर्धं काकांच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

आजोबांनी आयुष्यभर टपालखात्यात पत्रं वेगळी करायचं काम केलं. वस्तू हातात घ्यायची, एकदा बघायची, योग्य खणात टाकायची. म्हातारपणी घरातल्या सामानाची वाटणी त्यांनी त्याच वेगाने केली. मोठा लाकडी रेडिओ समोर आला. लाकूड दिसलं, सुताराला. आतल्या तारा दिसल्या, वायरमनला. बटणं दिसली, ती कपडे शिवणाऱ्या मुलीला. चला, पुढची वस्तू. हरकत घ्यायला कोणाला सवडच मिळाली नाही, कारण पुढची वस्तू शिडी होती, आणि शिडीची वाटणी कशी झाली ते न विचारलेलंच बरं.

तेव्हापासून दादांचं म्हणणं असं की, त्याने पोट आणून द्यावं, मी पेटीत बसवून देतो. काकांचं म्हणणं असं की, त्याने पेटी आणून द्यावी, मी पोट भरून देतो. दोन्ही प्रस्ताव उदार होते. रेडिओ बारा वर्षं गप्प होता.

आणि आता तो बारकीला हवा होता. तिच्या ग्रुपचा शनिवारी सभागृहात कार्यक्रम होता. ती ज्या उसन्या ॲम्प्लिफायरवर वाजवायची तो मालकाने परत नेला होता. ग्रुपचा म्होरक्या ड्रम वाजवायचा. त्याला दणक्या म्हणत, आणि तो स्वभावाने अतिशय हळू बोलणारा होता. त्याने शांतपणे सांगितलं होतं, "रविवारी संध्याकाळी येतो. तुझ्याकडे तुझा आवाज असेल तर तू. नसेल तर तो दुसरा गिटारवाला, चष्मेवाला. त्याच्याकडे दोन ॲम्प्लिफायर आहेत."

तिची इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरशिवाय वाजवली की डास चावल्याएवढा आवाज येई. नवा ॲम्प्लिफायर घेणं शक्य नव्हतं. मग तिला सुचलं की घरात एक आहेच, फक्त तो तीन पत्त्यांवर राहतो.

ती आधी दादांकडे गेली. "काका म्हणाले, दादा पेटी देत असेल तर मी पोट द्यायला एका पायावर तयार आहे." मग काकांकडे गेली. "बाबा म्हणाले, धाकटा पोट देत असेल तर पेटी त्याचीच समज." दोघेही बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले होते. दोन्ही निरोप तिने रस्त्यात तयार केले होते. पण पोचले होते, म्हणजे नियमाने खरे होते.

हे फक्त तिला माहीत होतं.

दादांनी चादर काढली.

बाकावर बसलेली काकू पुढे झुकली. "अगं बाई, आरसा आहे की काय."

पेटीचे खांदे गोल होते. पुढे सोनेरी कापडाची जाळी, वर काचेची पट्टी, आणि त्या पट्टीवर अशा शहरांची नावं ज्यांत या घरातलं कोणीही गेलं नव्हतं. लाकडावर पॉलिश असं होतं की त्यात दुकानातले दोन्ही पुतळे, शिलाईची मशीन आणि काकांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. काकांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं. मग ते गेलं.

"बारके, त्याला विचार," काका म्हणाले. "भोकं कुठे गेली."

"कसली भोकं?" दादांनी बारकीला विचारलं.

"बटणांची. माझ्याकडे पुढे दोन दांडे आहेत, आवाजाचा एक आणि स्टेशनचा एक. ते पेटीतून बाहेर कुठून येणार? त्याला विचार, त्याला काय वाटलं, दांडे भिंतीतून चालत येतात?"

"बाबा," बारकी म्हणाली, "काका विचारतायत, बटणांची जागा कुठे आहे."

दादा ताठ झाले. "त्याला सांग, बटणं तुझ्या आत्याकडे गेल्यावर ती भोकं नाकपुड्यांसारखी दिसायची. पेटी बघितली की वाटायचं आता शिंकेल. म्हणून बुजवली. त्याच लाकडाच्या चकत्या काढल्या, रेषेला रेष जुळवली, वरून पॉलिश मारलं."

"मग आता परत पाड म्हणावं," काका बारकीला म्हणाले. "होती कुठे?"

दादांना ते माहीत नव्हतं.

त्यांनी ती भोकं आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या आठवड्यात बुजवली होती. काम झाल्यावर ते मागे सरून बघत राहिले होते, आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं. सुताराला याहून मोठं सुख नसतं. आता बारा वर्षांनी ते त्याच लाकडासमोर उभे होते, त्यांना अजूनही काहीच दिसत नव्हतं, आणि सुख कमी झालं होतं. त्यांनी पेटीवरून बोटं फिरवली. टिचकी मारून बघितली. आतून हात घालून चाचपलं. आतूनही त्यांनी तितकंच चांगलं काम केलं होतं.

"मला माहीत आहे," ते शेवटी म्हणाले. "पण मी सांगणार नाही."

बारकी काकांकडे वळली. "काका, बाबा म्हणतात, तुमचा अंदाज आधी ऐकायला आवडेल."

काका हे ऐकून थोडे हलले. त्यांचा अंदाज या घरात कोणी मागितलेला त्यांना आठवत नव्हता. विजेचं बिल का वाढलं हे विचारायला लोक यायचे, पण तो अंदाज नव्हे, तो आरोप. त्यांनी डब्यातून पोट बाहेर काढलं. पत्र्याची बैठक, तिच्यावर जड काळा ट्रान्सफॉर्मर, काचेचे व्हॉल्व्ह एखाद्या गावाच्या टाक्यांसारखे ओळीने उभे, आणि खाली वायरी, सगळ्या नव्या, काटकोनात वळवलेल्या. काकांनी आठवडाभर बसून जुने कंडेन्सर बदलले होते आणि गिटारची पिन खुपसायला एक खोबण काढली होती. स्टेशन पकडणाऱ्या व्हॉल्व्हला त्यांनी दुसरी नोकरी दिली होती. गिटारचा आवाज फार बारीक, त्याला आधी एक धक्का लागतो, आणि हा धक्का आता तो देणार होता. मोकळ्या झालेल्या स्टेशनच्या दांड्याला त्यांनी जाडा-बारीक आवाज ठरवायचं काम दिलं होतं.

"किती छान दिसतंय," आई म्हणाली. "भावजी, तुमचा हातच वेगळा."

"पेटीपुढे काही नाही," काकू म्हणाली. "दादांनी काय चमक आणली आहे."

या दोघी जावांनी बारा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं की आपण आपापल्या नवऱ्याची बाजू घेतली तर भाजी आणायला एकत्र जाता येणार नाही. म्हणून प्रत्येकीने दुसरीच्या नवऱ्याची बाजू घेतली. पद्धत उत्तम चालली होती. दोघांनाही घरी जाऊन तक्रार करायची सोय नव्हती.

"दोन दांड्यांमधलं अंतर आहे सव्वासहा इंच," काका टेप लावून म्हणाले. "त्याला सांग."

"सव्वासहा इंच कुठून?" दादांनी विचारलं. "अंतर कळलं म्हणून जागा कळते का. नवरा-बायकोतलं अंतर सांगितलं म्हणून घर सापडत नाही."

"बाबा विचारतायत, सुरुवात कुठून धरू."

"ते त्याने सांगायचं. भोकं त्याने बुजवली. मी बुजवली का?"

"काका म्हणतात, तुमचं काम इतकं चोख आहे की त्यांना शोधता येत नाही."

दादांनी काकांकडे बघितलं नाही, पण काका ज्या दिशेला होते त्या दिशेच्या पुतळ्याकडे जरा मऊपणाने बघितलं. घड्याळ बारकीच्या डोक्यावर टिकटिकत होतं. दणक्या सहाला येणार होता आणि पेटी अजून बंद मुठीसारखी होती.

"अंदाजाने गिरमिट चालवलं तर?" आई म्हणाली.

"चाळणी होईल," दादा आणि काका एकदम म्हणाले. मग दोघांनीही बारकीकडे बघितलं, कारण हे नक्की कोणी कोणाला सांगितलं ते ठरवायचं होतं.

"मला म्हणालात," बारकी म्हणाली. "दोघेही."

आत्या इतका वेळ गप्प होती. तिने पायाने टेबलाखालची टोपली पुढे ओढली. त्यातून पातेल्यांची दोन झाकणं निघाली, आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध, धरायला, रेडिओचं एकेक बटण बसवलेलं होतं.

"हे तुम्ही झाकणाला लावलंत?" काकू म्हणाली.

"मग काय ब्लाउजला लावू? बारा वर्षं वरणाचा आवाज कमी-जास्त करते आहे." आत्याने स्क्रू सोडवून बटणं टेबलावर ठेवली, बरोबर रेघेवर. "आता दादा, ऐक. उसवून परत शिवलेल्या कापडात जुनी शिलाई शोधायची असेल तर मी काय करते?"

"काय करतेस?"

"ओलं फडकं आणि इस्त्री. वाफ लागली की जुनी भोकं वर येतात. लाकूडही कापडासारखंच फुगतं ना?"

दादांचा हात आपोआप पेटीवर गेला. फुगतं हे त्यांना माहीत होतं. नंतर बसवलेल्या चकतीचं लाकूड वेगळं फुगतं आणि भोवतीचं वेगळं, म्हणजे गोल उठून दिसणारच. पण वाफ पॉलिशला लागली की पॉलिश मरतं. पांढरं पडतं, आंधळ्या डोळ्यासारखं. त्यांनी त्या पेटीला दर महिन्याला पॉलिशचा हात दिला होता. लोक देवघरासमोर जेवढे बसत नाहीत तेवढे ते त्या पेटीसमोर बसले होते.

त्यांनी बारकीकडे बघितलं. ती घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होती, म्हणजे छताकडे बघत होती, आणि बोटं हवेतच कुठली तरी तार दाबत होती.

"इस्त्री किती गरम?" दादांनी विचारलं.

"रेशमाची."

"लोकरीची कर. रेशमाने नुसतं मरेल, काम होणार नाही."

आत्याने ओलं फडकं पसरलं आणि इस्त्री टेकवली. फस्स झालं. दुकानात ओल्या लाकडाचा, लाखेचा आणि जुन्या धुळीचा वास पसरला. फडकं उचललं तेव्हा आरसा गेला होता, तिथे दुधट धुकं होतं, आणि त्या धुक्यातून हळूहळू दोन पूर्ण चंद्र वर येत होते.

दादांनी वाकून बघितलं.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "ज्याने केलं त्याने जीव लावून केलं."

पॉलिशचं काय झालं हे वायरमनलाही कळत होतं. त्यांनी पोट दोन्ही हातांनी उचललं, आणि कोणी न सांगता, रेघेपलीकडे नेऊन पेटीशेजारी ठेवलं. आत्याची कात्री जागच्या जागी राहिली. "बारके, त्याला सांग, माप प्रत्यक्ष लावून बघ म्हणावं. टेपवर भरवसा नको."

बारकीने सांगितलं. पहिल्यांदाच तिने निरोपात काही घातलं नाही, काही काढलं नाही.

त्यानंतर दुकानात जो वेग आला त्याला टपालखात्याचंच रक्त म्हणायला हवं. दादांनी गिरमिट लावलं, भुसा उडाला, आईने तो झाडला, काकूने तो परत अंगावर घेतला. पोट पेटीत सरकलं ते असं, की जणू संध्याकाळी फिरायला गेलेलं माणूस घरी आलं. दांडे दोन भोकांतून बाहेर आले. आत्याने बटणं बसवली. एकाला वरणाचा वास येत होता. काकांनी स्पीकरच्या वायरी जोडल्या, मागून वायर बाहेर काढून प्लग भिंतीत खुपसला आणि जाहीर केलं, "कोणी पेटीत हात घालायचा नाही. आत भरलेली वीज माणसाला घरचा रस्ता विसरायला लावते."

बटण दाबलं. आधी काही नाही. मग मागच्या बाजूने नारिंगी उजेड उमटला, काचेच्या पट्टीवरची शहरं एकेक करून उजळली, आणि पेटीतून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. तो इतका वाढला की एका पुतळ्याचा हात गळून पडला.

"हे संगीत आहे का?" आईने अदबीने विचारलं.

"अर्थिंग सैल आहे," काका म्हणाले आणि भिंतीवरच्या प्लगपाशी उकिडवे बसले. पेटी बंद झाली, प्लग उघडला, आवळला, पेटी परत चालू झाली. घूं गेली. राहिली फक्त बारीक सळसळ, कोणी बोलायच्या आधी खोलीत असते तशी.

बारकीने पिन खुपसली आणि एक तार छेडली.

आवाज आला तो गिटारचा होता, पण लाकडातून आलेला. गोल, उबदार, आणि कडेला थोडा खरखरीत, जणू बोलणाऱ्याला हसू आवरत नाहीये. बारकीने दुसरी तार छेडली. मग सगळ्या. आवाजाचं बटण तिने अर्ध्यावर नेलं तशी खरखर फुलली आणि लांबवर ताणली गेली. हा उसना नव्हता. असा दुसऱ्या कोणाकडे नव्हता, चष्मेवाल्याच्या दोन्हीत मिळून नव्हता. ती वाजवत सुटली. काकूच्या पायाने ठेका धरला, आई तिला गप्प बस म्हणाली आणि स्वतःच मान हलवू लागली. आत्या शिलाईच्या मशीनवर हात ठेवून बसली होती, तर मशीनची सुई आपोआप थरथरत होती.

शटरखालून वाकून दणक्या आत आला. कोणाला नमस्कार न करता तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे काय आहे?"

"माझ्या वडिलांची पेटी," काकांनी बारकीला सांगितलं.

"आणि पोट," दादांनी बारकीला सांगितलं.

"मागे काहीतरी थरथरतंय," दणक्या म्हणाला. "खालच्या सुरांना."

दादांना ते आधीच ऐकू आलं होतं. मागची फळी. काकांनी पेटी बंद केली, आतली वीज उतरू दिली, फळी काढली. दादांनी कोटाच्या अस्तरात घालतात तो दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आत्याकडून घेऊन कडेला चिकटवला. फळी अजून नुसती टेकवलेली होती. "आता बघा," म्हणून काकांनी परत बटण दाबलं.

आणि सगळं गेलं. पेटी, दुकानातले दिवे, समोरच्या दुकानातले, रस्त्यावरचे, पलीकडच्या चौकातले. संध्याकाळ केव्हाच उतरली होती. जो काळोख झाला तो नवाकोरा होता.

त्या काळोखात दादांना वाटलं की नमदा सुटला. त्यांनी फळी बाजूला केली आणि आत हात घातला.

काकांना दिसलं काहीच नाही. पण फळी सरकल्याचा आवाज त्यांनी ओळखला. बटण दाबल्याबरोबर वीज गेली होती. व्हॉल्व्ह तापले नव्हते, म्हणजे कंडेन्सरमध्ये भरलेली वीज कुठेच गेली नव्हती, दबा धरून तिथेच बसली होती. बारकीला सांगायचं, बारकीने वळायचं, मग तिने सांगायचं, एवढा वेळ नव्हता.

"दादा, हात काढ."

"काढला," दादा म्हणाले.

मग इतकं शांत झालं की रस्त्यावर कोणीतरी मेणबत्ती शोधताना कोणाला शिव्या देतंय ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

दणक्याने मोबाईलचा उजेड लावला. काकूने त्याच्या हातावर चापट मारून तो विझवला. आईने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो तसाही बोलणार नव्हता.

"लागलं का?" काकांचा आवाज.

"नाही. आत किती वेळ राहते ती?"

"राहते. दिवे गेले म्हणून जात नाही. हळूहळू उतरते आपोआप. घाई केली की झटका देते."

"किती वेळ लागेल?"

"लागेल थोडा."

"लागू दे."

कोणीतरी टेबलावर टेकलं. टेबल करकरलं. दुसऱ्या बाजूनेही करकरलं.

"पॉलिश गेलं तुझं," काका म्हणाले.

"परत मारीन. मारायला काहीतरी लागतंच." दादा थांबले. "वायरी बघितल्या मी तुझ्या. काटकोनात वळवल्या आहेस सगळ्या. पेटी बंद झाल्यावर कोणाला दिसणार आहेत?"

"तुझी आतली चकती कोणाला दिसत होती?"

कोणीतरी नाकातून हसलं. कोण ते काळोखात कळलं नाही, आणि नंतर चौकशी झाली नाही.

"बरं झालं तूच म्हणालास," दादा म्हणाले. "पोट द्यायला एका पायावर तयार आहे म्हणून. माझ्याने सुरुवात झाली नसती."

"मी कधी म्हणालो? तू म्हणालास, पेटी त्याचीच समज."

"मी?"

"मग?"

दोन्ही आवाज एकाच वेळी वळले. काळोखातही बारकीला ते वळताना जाणवले.

"बारके," दादा म्हणाले.

"बारके," काका म्हणाले.

बारकी गिटार छातीशी धरून उभी होती. बारा वर्षांची नोकरी आज संपली असं तिला वाटत होतं. "निरोप पोचला की नाही?" ती म्हणाली.

मग आत्याचा आवाज आला, "पोचला, पोचला. थोडा उशिरा, पण टपालात होतं तसं."

आणि वीज आली.

दिव्यांत सगळे डोळे चोळत होते. दादा खिडकीच्या बाजूला होते, काका मशिनींच्या. पेटीवरची शहरं परत उजळत होती. टेबलावरची खडूची रेघ मात्र मधोमध पुसली गेली होती, आणि तिचा पांढरा भुगा दोघांच्याही कोपरांना लागला होता. आत्याने ते बघितलं. तिने कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"बारके," दादा म्हणाले, "त्याला सांग, आता फळी वाजते का बघ."

"बारके, त्याला सांग, नाही वाजत."

बारकीने दोन्ही निरोप पोचवले. हसू न येऊ देता आवाज सरळ ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

शटरपाशी रस्त्यातले लोक जमले होते. इथे कसला तरी मोठा आवाज झाला आणि लगेच वीज गेली, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. काकांनी समजावून सांगितलं की हा ॲम्प्लिफायर पंख्यापेक्षा कमी वीज खातो, त्याने रस्ता तर सोडाच, शेजारचा दिवाही जाणार नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या नजरेतला आदर बघून काकांनीही थोड्या वेळाने समजावणं बंद केलं.

दणक्या उठला. "पूर्ण रस्ता?" त्याने विचारलं.

"चौकापर्यंत," बारकी म्हणाली.

दणक्या विचारात पडला. "चष्मेवाल्याचे दोन्ही लावले तरी आमच्याकडे घंटीसुद्धा बंद पडली नव्हती." तो शटरखाली वाकला. "शनिवारी पाचला सभागृहात ये. हे घेऊन ये. आणि येताना यांनाही आण." त्याने दादा आणि काकांकडे बोट दाखवलं. "एकाला पेटी उचलायला, एकाला आत हात घालू न द्यायला."

शनिवारी सभागृहातली वीज गेली नाही, त्यामुळे श्रोत्यांची थोडी निराशा झाली. बारकी मात्र अशी वाजली की पुढच्या रांगेतल्या दोन माणसांनी आपसात बोलणं सोडून दिलं. ते दोघे भाऊ नव्हते. भाऊ मागच्या रांगेत होते, मधली खुर्ची रिकामी ठेवून, आणि कार्यक्रम संपल्यावर बारकी त्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत दोघेही एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारी आत्याने दुकान उघडलं नाही. तिने बारकीला टेबलाशी बसवलं आणि कागद पुढे सरकवला. "लिही," ती म्हणाली. "शुद्ध लिही. सरकारी वाटलं पाहिजे."

बारकीने लिहिलं:

प्रति,
माननीय कार्यकारी अभियंता, वीज कार्यालय.

विषय: सदर रस्त्यावरील अंधार नियमित करून मिळणेबाबत.

महोदय,

मागील रविवारी सायंकाळी आमच्या रस्त्यावरील वीजपुरवठा खंडित झाला. त्यासंबंधी आपल्याकडे अनेक तक्रारी प्राप्त झाल्या असतील. आमची तक्रार वेगळी आहे. वीज फार लवकर परत आली. आपल्या कर्मचाऱ्यांच्या तत्परतेमुळे एका कुटुंबाचे बोलणे अर्धवट राहिले आहे.

तरी दर रविवारी दिवेलागणीस सदर रस्त्यावर संपूर्ण काळोख करण्यात यावा. त्याची पूर्वसूचना देऊ नये, कारण संबंधित दोन्ही व्यक्ती सावध होतात. इतर रहिवाशांची हरकत आल्यास त्यांनीही त्या वेळात आपापल्या घरी कोणाशी तरी बोलून घ्यावे, असे त्यांना कार्यालयामार्फत कळवण्यात यावे. वीज पुन्हा सुरू करण्यापूर्वी आमच्या दुकानाचे शटर एकदा वाजवावे. आतून "अजून नाही" असे उत्तर आल्यास आपल्या कर्मचाऱ्याने चहा पिऊन परत यावे.

सदर काळोखात कोण कोणाशी काय बोलले याची नोंद आपल्या कार्यालयाने ठेवू नये. आम्हीही ठेवलेली नाही, कारण तसे काही झालेले नाही. ते पुन्हा व्हावे, एवढीच विनंती.